झोपेची गोळी सुटते, पण एका दिवसात तोडायची नाही

तालुक्याच्या गावात औषधाचं दुकान चालवतो, त्यामुळे कोण काय घेतं ते रोज समोर येतं. दारू गावाला दिसते, खर्रा दिसतो, झोपेची गोळी मात्र कोणाच्या नजरेत येत नाही. ती डॉक्टरांनी लिहून दिलेली असते, स्वस्त असते, आणि घेणारी बहुतेकदा साठी ओलांडलेली आजी असते, नाहीतर कर्जापायी झोप उडालेला कास्तकार. चिठ्ठी कधीची ते विचारलं, तर प्लास्टिकमध्ये लॅमिनेशन करून ठेवलेला कागद काउंटरवर येतो. पंधरा दिवसांसाठी लिहिलेल्या गोळीला चार वर्षं झालेली असतात. "मले काई नशा येत नाई बापू, निसती झोप लागते," असं आजी सांगते, आणि ते खोटं नसतं.

म्हणूनच व्यसनमुक्तीची भाषणं इथे लागू पडत नाहीत. या माणसांनी मौजेसाठी काही घेतलेलं नाही. शरीराला सवय लागली आहे आणि ती उतरवायची रीत ठरलेली आहे: डॉक्टरांच्या देखरेखीत, महिनोन्‌महिने, थोडी थोडी. हा लेख महिन्याहून जास्त काळ रोज गोळी घेणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. वाचून आजच गोळी बंद करू नका, हे पहिल्यांदा सांगतो.

आधी पट्टी उलटून नाव वाचा

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, एटिझोलाम या सगळ्या एकाच कुळातल्या गोळ्या. झोलपिडेम थोडी वेगळी, पण काम त्याच जागी करते आणि सवयही लावते. यातल्या बऱ्याच गोळ्यांच्या पट्टीवर लाल अक्षरांत 'एनआरएक्स' छापलेलं असतं, ती अमली आणि मनावर असर करणाऱ्या औषधांची खूण.

खरी गफलत होते ती जोडगोळ्यांत. 'गॅसची गोळी' म्हणून वर्षानुवर्षं चाललेल्या गोळीत क्लिडिनियमसोबत क्लोरडायझेपॉक्साइड असतं. 'धडधडीची गोळी' म्हणतात तिच्यात प्रोप्रानोलोलला अल्प्राझोलाम किंवा एटिझोलाम जोडलेलं असतं. 'टेन्शनची गोळी' एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम अशी मिळून येते. घेणाऱ्याला वाटतं आपण झोपेची गोळी घेतच नाही, आणि गॅसची म्हणून ती अचानक बंद केली की काही दिवसांत हात थरथरायला लागतात. घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरा आणि दुकानदाराला किंवा आरोग्य केंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना दाखवा. "यात झोपेचं औषध कोणतं?" एवढंच विचारायचं.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. मिरगीसाठी क्लोबाझाम किंवा क्लोनाझेपाम चालू असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. ती फिटची गोळी आहे. तिला तुमच्या डॉक्टरांशिवाय कोणी हात लावायचा नाही.

एकदम बंद केली तर काय होतं

मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, त्याचं काम शांत करण्याचं. या गोळ्या गाबाचा जोर वाढवतात. रोज बाहेरून जोर मिळत राहिला की मेंदू त्या गाबाला पूर्वीसारखी दाद देईनासा होतो. अशात गोळी अचानक थांबली, तर उतारावर उभ्या असलेल्या भरल्या बंडीच्या चाकाखालचा दगड काढून घेतल्यासारखं होतं.

झोप पार उडते, छातीत धडधडतं, घाम सुटतो, हात कापतात, चिडचिड होते, आवाज आणि उजेड सोसत नाही, कानात सूं सूं वाजतं. त्रास जास्त वाढला तर फिट येते, माणूस भ्रमात जातो, यात जीवही जाऊ शकतो. अल्प्राझोलाम, लोराझेपाम अंगात कमी वेळ टिकतात, त्यांचा त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. डायझेपामसारखी गोळी हळू उतरते, तिचा त्रास आठवड्यानंतरही उगवू शकतो. तोवर सगळे म्हणत असतात, "सुटली बरं का गोळी."

गावात गोळी अशी अचानक तुटते ती ठरवून नव्हे. आजी लेकीकडे पंधरा दिवस राहायला जाते आणि पट्टी घरीच राहते. मुलगा नागपूरहून येतो, रागानं पट्ट्या फेकून देतो. दवाखान्यात भरती केलं तर नेहमीच्या गोळ्या सांगायच्या राहून जातात. गडचिरोली-चंद्रपूरकडून मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्यांचं आणखी वेगळं: तिथल्या काही भागांत ताडीत अल्प्राझोलाम मिसळल्याची प्रकरणं वारंवार पकडली गेली आहेत. माणसानं गोळी कधी पाहिलेलीही नसते, आणि गावी परतल्यावर चार दिवसांत तो थरथरत असतो. अशा वेळी तेलंगणात ताडी पीत होता हे डॉक्टरांना न लाजता सांगा, निदान तिथेच होतं.

कुठे जायचं, काय सांगायचं

पहिली भेट समोरासमोरच घ्या. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतली बहुतेक औषधं फोनवर लिहून देता येत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या दिवशी येते का, आणि येत असेल तर कोणत्या वारी, ते आशा ताईंना विचारा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, नागपूरचं मेडिकल कॉलेज आणि एम्स हे पुढचे टप्पे. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक दचकतात, पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे. दाखवून, औषध घेऊन संध्याकाळच्या एसटीनं परत येता येतं.

जाण्याआधी सल्ला हवा असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. दोन्ही नंबर सारखे दिसतात. गल्लत झाली तरी बिघडत नाही, दोन्हीकडे ऐकून घेतात.

डॉक्टरांसमोर खरा आकडा सांगा. काउंटरमागून पाहिलेलं सांगतो: दोन गोळ्या सांगणारा कधी कधी चार घेत असतो, उरलेल्या दोन दुसऱ्या दुकानातून येतात. डॉक्टर दोनच्या हिशेबानं कमी करायला लागले की शरीराला निम्म्यावर आपटल्यासारखं होतं. मोहाची दारू घेत असाल तर तेही सांगा. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे म्हणून लोक डॉक्टरांपाशीही दबकून बोलतात. तिथे पोलीस बसलेले नसतात. दारू आणि ही गोळी मिळून श्वास मंदावतो, म्हणून त्यांना ते कळायलाच हवं. पूर्वी कधी फिट आली होती का, रात्री श्वास अडकून जाग येते का, पोटात बाळ आहे का, हेही सांगा.

इतर औषधंही सांगायची. नायट्यासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आपल्याकडे घरोघरी चालतात. त्या चालू असताना अल्प्राझोलाम अंगात साचतं आणि माणूस दिवसभर पेंगतो. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन नेमकं उलटं करतं: गोळी तेवढीच, पण असर उतरतो, आणि गोळी न सोडताही सोडल्यासारखा त्रास होतो.

काहींना घरी राहून कमी करणं धोक्याचं असतं. रोज दारू पिणारे, पूर्वी फिट आलेले, खूप मोठ्या डोसवर असलेले, आधी एकदा सोडताना भ्रमात गेलेले किंवा जीव नकोसा झालेले, यांची सुरुवात भरती होऊन झालेली बरी. डॉक्टर भरती व्हा म्हणाले तर वाद घालू नका.

कमी करण्याचा हिशेब

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला डॉ. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं याच गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला. त्यांचा मुख्य धडा होता हळू जाण्याचा, आणि वेग रोग्यानं ठरवण्याचा. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी मिळून काढलेली मार्गदर्शक सूचनाही त्याच वाटेनं जाते: दर दोन ते चार आठवड्यांनी चालू डोसच्या ५ ते १० टक्के कमी करण्यापासून सुरुवात करावी, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त कधी उतरू नये.

टक्के कागदावर सोपे असतात, गोळीवर आले की अडतं. समजा रात्री क्लोनाझेपाम १ मिलीग्रॅम चालू आहे. दहा टक्के म्हणजे ०.१, आणि तेवढी गोळी येत नाही. पण ०.२५ ची येते, तिचा अर्धा तुकडा ०.१२५ होतो. म्हणून डॉक्टर बहुधा १ च्या एका गोळीऐवजी ०.२५ च्या गोळ्या लिहून देतात आणि पायऱ्या अशा पडतात: ०.८७५, ०.७५, ०.६२५, ०.५, ०.३७५, ०.२५, ०.१२५, मग बंद. प्रत्येक पायरीवर तीन आठवडे धरले तर एकवीस आठवडे, आणि शेवटच्या तीन पायऱ्यांवर चार-चार आठवडे दिले तर चोवीस. म्हणजे साडेपाच महिने.

इथे एक खोच आहे. तुकडा तेवढाच राहतो, पण टक्का वाढत जातो. एकवरून उतरताना ०.१२५ म्हणजे साडेबारा टक्के, ०.२५ वरून उतरताना तोच तुकडा पन्नास टक्के होतो. "इतकी चांगली चालली होती, शेवटालेच काऊन बिघडली?" याचं उत्तर या हिशेबात आहे. म्हणून शेवटच्या पायऱ्यांवर डॉक्टर जास्त दिवस थांबवतात, किंवा डायझेपामवर नेतात. ॲश्टन यांच्या तक्त्यात क्लोनाझेपाम ०.५, अल्प्राझोलाम ०.५ आणि लोराझेपाम १ यांचं बळ साधारण डायझेपाम १० मिलीग्रॅमइतकं धरलं आहे. डायझेपामच्या लहान गोळ्या मिळत असल्यानं बारीक पायऱ्या पाडता येतात, आणि ते हळू उतरतं म्हणून झटकेही कमी बसतात. मात्र वय झालेलं असेल किंवा यकृत कमजोर असेल, तर डायझेपाम अंगात साचून तोल जातो. अशांना ते टाळलं जातं. ही अदलाबदल घरी करण्याची गोष्ट मुळीच नाही.

गोळी बोटांनी मोडू नका, तुकडे सारखे पडत नाहीत. औषध दुकानात गोळी कापायची छोटी डबी मिळते, ती घ्या. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असेल, तर ती गोळी कापायची नाही. तिचं औषध हळूहळू सुटण्यासाठी असतं आणि कापली की ते सगळं एकदम सुटतं.

रविवारी बसून आठवड्याचे तुकडे सात पुड्यांत बांधा, पुडीवर वार लिहा. घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला रेघ मारा. पट्टी घरातल्या एकाच माणसाच्या ताब्यात असावी, आणि तो भांडकुदळ नसावा. माझ्या पाहण्यात सुना हे काम मुलांपेक्षा चांगलं करतात.

कधी सुरू करायचं

शहरातल्या सल्ल्यात हे नसतं. आपल्याकडे शेतीचं वेळापत्रक झोपेवर बसलेलं आहे. पेरणीच्या दिवसांत, सोयाबीन काढणीला आलं असताना, कापूस वेचायला मजूर मिळत नसताना नवी पायरी उतरू नका. हरभरा-गव्हाला पाणी द्यायला रात्रीची लाईन असेल, किंवा रानडुकरांपायी जागलीला जावं लागत असेल, तर त्या आठवड्यांतही नको. मे महिन्यात चाळिशीपार गेलेल्या उन्हानं गोळी घेणाऱ्यालाही झोप येत नाही, तिथे सोडणाऱ्याचं काय!

पाच-सहा महिन्यांत हे सगळं टाळता येणार नाही, हे मलाही कळतं. त्यासाठी नियम साधा ठेवा: निवांत आठवड्यात उतरायचं, धावपळीत आहे त्या पायरीवर थांबायचं. थांबणं म्हणजे हार नव्हे, तीन आठवड्यांच्या जागी सहा झाले तरी चालतात. मात्र मागची पायरी चढायची झाली तर ती डॉक्टरांना विचारून, मनानं नाही.

रात्री काय करायचं

गोळी कमी झाली की दोन-चार रात्री वाईट जातात. यालाच माणूस फसतो. त्याला वाटतं जुना आजार उलटला. ती उतरण्याची लाट असते आणि बहुतेकदा आठवडा-दोन आठवड्यांत बसते.

आजीच्या झोपेचा हिशेब एकदा मांडून पाहा. जेवण सातला, आठला खाटेवर, तीनला जाग. "रातभर डोयाले डोया लागत नाई." पण आठ ते तीन म्हणजे सात तास झाले, शिवाय दुपारी ओट्यावर दीड तास. या वयात झोप एवढीच असते. पहाटे तीनला गाव झोपलेलं असतं म्हणून ती रात्र मोठी वाटते. गोळीनं ती रात्र कापली जाते, आणि बदल्यात पहाटे लघवीला उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं. अशा घरी गोळी कमी करताना आधी झोपायची वेळ पुढे ढकला: साडेनऊ, मग दहा. उठायची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दुपारची डुलकी अर्ध्या तासावर आणा.

खाटेवर पडल्यावर झोप येईना तर उठून बसा. पाणी प्या, वाती वळा, लसूण सोला, डोळे जड झाले की परत जा. खाटेवर तळमळत पडून राहण्याची सवय लागली की खाट पाहिली तरी झोप उडते. दुपारी चारनंतर चहा नको. आणि खर्रा! त्यातली तंबाखू मेंदूला जागं ठेवते. जेवणानंतर खर्रा आणि त्यावर झोपेची गोळी हा आपल्याकडचा ठरलेला क्रम आहे. एकानं जागवायचं, दुसरीनं झोपवायचं.

झोप का उडते तेही शोधायला हवं. गुडघा ठणकतो, साखर वाढल्यानं चारदा उठावं लागतं, खरूज खाजते, प्रोस्टेटचा त्रास आहे, किंवा मन उदास आहे. पहाटे जाग येऊन छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं, जेवण नको, शेतात जावंसं न वाटणं, हे नैराश्याकडे बोट दाखवतं. त्याचं औषध वेगळं, सवय न लावणारं असतं, आणि ते चालू करून मगच झोपेची गोळी कमी करावी लागते. ज्या घरात माणूस असा खचला आहे तिथे फवारणीचं औषध घरात ठेवू नका, कुलपात आणि शक्य तर दुसऱ्याच्या गोठ्यावर ठेवा. 'आता जगून काय करू' असं तोंडातून निघालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा, तोवर त्याला एकटं सोडू नका.

१०८ कधी बोलवायची

फिट आली, माणूस नसलेलं दिसतंय म्हणतोय, घरच्यांना ओळखत नाही, ताप येऊन अंग थडथड कापतंय, तर वाट पाहू नका. फिटमध्ये कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. उलटी बाजूही आहे: जास्त गोळ्या गेल्या, किंवा दारूवर गोळी घेतली, आणि माणूस हलवूनही उठत नाही, घोरणं विचित्र झालंय, श्वास लांब लांब पडतोय. "झोपू दे, उतरेल" म्हणून पांघरूण घालू नका. कुशीवर ठेवा, गाडी बोलवा, रिकामी पट्टी सोबत द्या.

दुकानदाराशी भांडण

आमच्यापैकी काही जण चिठ्ठीशिवाय देतात, हे मान्य. पण यातल्या बऱ्याच गोळ्या एच-१ या कडक नियमाच्या औषधयादीत आहेत. तो नियम २०१३ मध्ये निघाला आणि मार्च २०१४ पासून लागू झाला. त्यात डॉक्टरांचं नाव, रोग्याचं नाव आणि किती दिल्या हे वेगळ्या वहीत लिहावं लागतं आणि वही तीन वर्षं जपावी लागते. कमी करण्याचा कार्यक्रम सुरू असताना डॉक्टरांकडून प्रत्येक पायरीची तारीख घालून चिठ्ठी घ्या आणि एकाच दुकानातून औषध घ्या. दोन दुकानं म्हणजे दोन हिशेब, आणि त्यात सगळं फिसकटतं. ०.२५ ची गोळी शिल्लक नसेल तर "०.५ घेऊन जा, अर्धी करा" असं कोणी म्हणालं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पट्टी संपायच्या पाच दिवस आधी या, संपल्यावर नाही. पोळ्याला, दिवाळीला दुकानं बंद असतात.

गोळी पूर्ण सुटल्यावर उरलेले तुकडे डब्यात जपून ठेवू नका. घरातलं लेकरू खातं, नाहीतर एखाद्या वाईट रात्री तुम्हीच खाता. दुकानात आणून द्या. जुनी लॅमिनेशनची चिठ्ठी फाडून टाका. आणि पुढे कोणत्याही कारणानं दवाखान्यात भरती झालात, मोतीबिंदूचं ऑपरेशन असो की पाय मोडलेला, केसपेपर काढतानाच सांगा: "झोपेची गोळी होती, सोडली आहे, परत चालू करू नका." बऱ्याच जणांची सुटलेली गोळी अशाच डिस्चार्ज कार्डावरून पुन्हा घरात येते.